विश्लेषण: बर्लिनने भिंत पाडून जपली, चंद्रपूरने न पाडता विसरली, जुन्या राजधानीच्या परकोटाचे करायचे काय?

ताडोब्याला निघालेला पर्यटक नागपूरहून येतो, चंद्रपुरात चहा घेतो आणि मोहर्लीच्या रस्त्याला लागतो. वाटेत जटपुरा गेटची कमान दिसली, तर ती वाहतूक कोंडीमुळे लक्षात राहते. आपण एका राजधानीच्या वेशीजवळून गेलो, हे त्याला कुणी सांगत नाही. याउलट जर्मनीची राजधानी बर्लिन. तिथे जगभरातून माणसे एक भिंत पाहायला जातात आणि ती भिंत आता जवळपास उरलेलीच नाही. जे पाडले ते पाहायला गर्दी आणि जे शेकडो वर्षे उभे आहे त्याकडे पाठ, असे का होते? चंद्रपूरच्या परकोटाला बर्लिनकडून काय घेता येईल आणि काय घेता येणार नाही?

चंद्रपूरचा परकोट म्हणजे नेमके काय?

चंद्रपूरचा किल्ला डोंगरावर नाही आणि एखाद्या कोपऱ्यातही नाही. इथे शहर म्हणजेच किल्ला आहे. जुन्या शहराला सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या दगडी तटबंदीने वेढले आहे. इंग्रजांच्या नोंदींत तिची उंची १५ ते २० फुटांची सांगितली आहे. भिंतीत जागोजागी बुरूज आहेत आणि वरून चालता येईल इतकी रुंदी आहे.

आत-बाहेर करायला चार मोठे दरवाजे आहेत: उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर आणि पश्चिमेला बिनबा. त्याशिवाय पाच लहान दरवाजे आहेत. चंद्रपूरकर त्यांना 'खिडकी' म्हणतात. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी अशी त्यांची नावे. जुन्या शहराच्या रोजच्या जगण्याचा अर्धा हिशेब या नावांतच आहे. देवाला जायची वाट वेगळी, मसणात जायची वेगळी आणि गुपचूप निघून जायची आणखी वेगळी.

दरवाज्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले दिसते. हे गोंड राजघराण्याचे राजचिन्ह. गेटखाली सिग्नलची वाट पाहताना मान वर केली तरी ते दिसू शकते.

हा परकोट कुणी आणि का बांधला?

चांद्याच्या गोंड राज्याची राजधानी आधी सिरपूरला होती, मग ती वर्धा नदीकाठच्या बल्लारपूरला आली. तिथून ती चंद्रपूरला आणण्याचे श्रेय परंपरेने खांडक्या बल्लाळशाहाला दिले जाते. राजाच्या अंगावर फोड होते, झरपट नदीकाठच्या एका कुंडातील पाण्याने ते बरे झाले आणि तिथे अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका सशाची. शिकारी कुत्र्याच्या मागे उलट ससाच धावताना राजाने पाहिला. त्याच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधावा, असे राणीने सुचवले. शहराच्या नावाचा आणि परकोटाच्या वळणावळणाच्या रेषेचा उलगडा लोकांनी असा करून ठेवला आहे.

तटाचे काम एका राजाच्या काळात संपले नाही. खांडक्या बल्लाळशाहाने आखणी केली, हीरशाहाने काम पुढे नेले आणि धुंड्या रामशाहाच्या काळात ते पुरे झाले, असे परंपरा सांगते. मधल्या काळातील बाबाजी बल्लाळशाहाची नोंद अकबराच्या दरबारातील 'ऐन-ए-अकबरी'त सापडते. एक हजार घोडेस्वार आणि ४० हजार पायदळ असलेला राजा, असे त्याचे वर्णन तिथे आहे. जंगलातले एखादे लहान संस्थान म्हणून या राज्याकडे पाहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

हेतू अर्थातच संरक्षणाचा होता. पण शहर ईरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधे आहे. जोराच्या पावसात पठाणपुरा गेटबाहेरच्या भागात आजही पुराचे पाणी शिरते. त्यामुळे हा तट शत्रूइतकाच पाण्यालाही अडवत आला आहे.

राजधानी कशी गेली?

१७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्यात सामील केला आणि गोंड राजवट संपली. मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने शहराला वेढा दिला, तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर घेतले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा थेट इंग्रजी अमलाखाली आला.

चारच वर्षांनी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी परिसरातून उठाव झाला. त्याचे नेते बाबुराव शेडमाके. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी देण्यात आली. ज्या कारागृहाशी ही आठवण जोडलेली आहे, ते गोंड राजांच्या जुन्या कोटात आहे. राजवाड्याचा तुरुंग झाला आणि त्याच राज्याच्या मुलखातील तरुण तिथे फासावर गेला. दरवर्षी २१ ऑक्टोबरला आदिवासी समाजाचे लोक इथे अभिवादनासाठी येतात. परकोटाच्या आतील सर्वांत जड आठवण हीच आहे.

'चांदा' हे इंग्रजी काळातील नाव बदलून १९६४ मध्ये जिल्ह्याला 'चंद्रपूर' हे नाव मिळाले. जुने नाव आता रेल्वेने जपले आहे. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरील स्थानक आजही 'चांदा फोर्ट' म्हणूनच ओळखले जाते.

बर्लिनची भिंत यापेक्षा वेगळी कशी?

चंद्रपूरचा तट बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी होता, तर बर्लिनची भिंत आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची आणि तिच्या राजधानीची चार विजेत्या देशांत वाटणी झाली. सोव्हिएत रशियाच्या वाट्याचे पूर्व बर्लिन पूर्व जर्मनीची राजधानी बनले. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातील पश्चिम बर्लिन हे पूर्व जर्मनीच्या पोटातले बेट ठरले. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकांचा ओघ थांबेना, तेव्हा १३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे पूर्व जर्मनीने काटेरी तारा टाकून सीमा बंद केली. पुढे त्यांची काँक्रीटची भिंत झाली.

पश्चिम बर्लिनभोवतीचा हा वेढा एकूण सुमारे १५५ किलोमीटरचा होता. त्यातील ४३ किलोमीटर भिंत शहराच्या मधून जात होती. ती ओलांडताना किंवा तिच्याशी संबंधित घटनांत किमान १४० जणांचा जीव गेला. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री ही सीमा खुली झाली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले. राजधानी बॉनहून बर्लिनला न्यायची की नाही, यावर २० जून १९९१ रोजी संसदेत मतदान झाले. ३३८ विरुद्ध ३२० अशा निसटत्या फरकाने बर्लिन जिंकले.

म्हणजे बर्लिनची भिंत २८ वर्षे उभी होती. चंद्रपूरचा तट त्याआधी कितीतरी पिढ्या उभा होता आणि नंतरही उभा आहे. तरी जगाला माहीत असलेली भिंत कोणती, हे सांगायला नको.

पाडलेली भिंत बर्लिनने पुन्हा का शोधली?

१९९० मध्ये बर्लिनकरांना ती भिंत डोळ्यासमोर नको होती. लोकांनी हातोड्यांनी तुकडे काढले, सरकारने यंत्रे लावली, काही भागांचा लिलाव झाला. वर्ष संपता संपता शहराच्या मध्यभागातून भिंत जवळपास नाहीशी झाली. काही वर्षांतच दुसरी अडचण लक्षात आली. भिंत कुठे होती, असे पर्यटक विचारत आणि दाखवायला काही नसे. नव्या पिढीला शहर कसे चिरले गेले होते, हे समजावायचे कसे, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

मग शहराने भिंत पुन्हा न बांधता तिची रेषा जपली. मध्यवर्ती भागात रस्त्यांवर आणि पदपथांवर दगडांची दुहेरी ओळ बसवली. वाहने तिच्यावरून जातात, माणसे ती ओलांडतात. भिंत नाही, पण ती कुठे होती हे पायाखाली कळते. जुन्या सीमेच्या कडेने सुमारे १६० किलोमीटरचा पायी आणि सायकलने फिरण्याचा मार्ग आखला. बर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावर १९९८ मध्ये स्मारक उभे राहिले आणि पुढे ते सुमारे १.४ किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. तिथे प्रवेश विनामूल्य आहे.

या रस्त्याची निवड विचारपूर्वक होती. इथल्या इमारती पूर्वेत आणि समोरचा पदपथ पश्चिमेत, अशी सीमा होती. ऑगस्ट १९६१ मध्ये लोकांनी घरांच्या खिडक्यांतून पश्चिमेकडे उड्या टाकल्या, त्यात जीवही गेले. नंतर त्या खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. स्मारकात मृतांची छायाचित्रे आणि नावे आहेत. काँक्रीटपेक्षा माणसांची गोष्ट पुढे ठेवली, म्हणून ते ठिकाण लोकांच्या मनात राहते.

बर्लिनला गेल्यास काय पाहावे?

भिंत समजून घ्यायची असेल तर सुरुवात बर्नाउअर श्ट्रासेपासून करावी. त्यानंतर श्प्रे नदीकाठची ईस्ट साइड गॅलरी. १,३१६ मीटर लांबीच्या या उरलेल्या भिंतीवर १९९० मध्ये २१ देशांतील ११८ चित्रकारांनी चित्रे काढली. मार्च २०१३ मध्ये इमारतीच्या कामासाठी तिचा एक भाग हलवायचे ठरले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. ज्या भिंतीचा एकेकाळी तिटकारा होता, तीच वाचवण्यासाठी हे आंदोलन झाले.

फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाजवळील 'अश्रूंचा महाल' ही जुनी सीमा तपासणीची इमारत. पश्चिमेकडे परत जाणाऱ्यांना पूर्वेतले नातलग इथे निरोप देत, म्हणून हे नाव पडले. हे संग्रहालयही विनामूल्य आहे. संसद भवनाचा काचेचा घुमटही मोफत पाहता येतो, मात्र आधी नोंदणी करावी लागते. पाच संग्रहालयांचे 'म्युझियम आयलंड' १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ३६८ मीटर उंचीचा टीव्ही टॉवर पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये आपली ताकद दाखवण्यासाठी उभारला होता. आता तोच साऱ्या शहराची खूण झाला आहे.

एक ठिकाण मात्र सावधगिरीचा धडा म्हणून पाहावे: चेकपॉइंट चार्ली. दोन महासत्तांचे रणगाडे १९६१ मध्ये जिथे समोरासमोर आले, तिथे आता नकली चौकी आहे आणि भोवती स्मरणवस्तूंची दुकाने. मूळ चौकीची खोली १९९० मध्येच हलवली गेली. इतिहासाचा बाजार झाला की काय होते, हे इथे दिसते.

चंद्रपुरात काय पाहावे?

ताडोबातील सफारी मंगळवारी बंद असते. मोहर्ली शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. म्हणजे एक सकाळ परकोटासाठी सहज काढता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांत असते, तेव्हा सकाळी नऊनंतर तटावर चालण्याचे धाडस करू नये.

फेरी जटपुरा गेटपासून सुरू करावी. गेटवरील सिंह-हत्तीचे शिल्प पाहून मुख्य रस्त्याने गांधी चौकाकडे यावे. हाच रस्ता पुढे दक्षिणेला पठाणपुरा गेटकडे जातो. जुन्या राजधानीचा कणा म्हणावा असा हा रस्ता आहे.

पूर्वेकडील अंचलेश्वर गेटजवळ अंचलेश्वराचे मंदिर आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील सर्वांत भव्य समाधी वीरशाह राजाची. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली. आग्ऱ्यात राजाने राणीसाठी बांधलेली कबर सगळ्यांना ठाऊक असते. चंद्रपुरात राणीने राजासाठी बांधलेली समाधी आहे, ती मात्र शहराबाहेर फारशी कुणाला माहीत नाही. वीरशाहाचा खून झाल्यावर राज्याची सूत्रे हिराईने हाती घेतली. महाकाली मंदिराच्या उभारणीशीही तिचेच नाव जोडलेले आहे.

हे महाकाली मंदिर गेटबाहेर जवळच आहे. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून भाविक येतात, झरपटमध्ये स्नान करून दर्शन घेतात. गोंड राणीने उभारलेल्या देवळाशी मराठवाड्यातील घराघरांचे नाते आहे. चंद्रपूर हे पिढ्यान्‌पिढ्या माणसे येण्याचे ठिकाण आहे, याचा याहून ठोस पुरावा नको.

तटाच्या आतला रामाळा तलाव हा जुन्या पाणीव्यवस्थेचा भाग. जलपर्णी आणि सांडपाणी यांमुळे तो अनेकदा बातम्यांत आला. शहराच्या दक्षिणेला लालपेठ भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी पंचवीसेक फुटांची आहे. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने मोठे देऊळ बांधण्यासाठी त्या घडवल्या, पण देऊळ झालेच नाही, असे सांगतात. मूर्ती जिथे घडल्या तिथेच राहिल्या.

वेळ असेल तर पंधराएक किलोमीटरवर बल्लारपूर आहे. वर्धेच्या काठावरचा तिथला किल्ला ही याच राज्याची आधीची राजधानी. दोन्ही एका दिवसात पाहिल्या, तर राजधानी हलली म्हणजे काय झाले हे डोळ्यांना कळते.

जटपुरा गेटच्या कोंडीवर उपाय काय?

परकोटाबद्दल चंद्रपूरकरांची सर्वांत मोठी तक्रार सौंदर्याची नाही, वाहतुकीची आहे. हत्ती, घोडे आणि बैलगाड्यांसाठी बांधलेल्या कमानीखालून आज दुचाकी, ऑटो आणि मोटारी जातात. सकाळ-संध्याकाळ रांगा लागतात. तट केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असल्याने गेट रुंद करता येत नाही आणि भिंत फोडून नवा रस्ताही सहजी काढता येत नाही. त्यामुळे वारसा म्हणजे अडथळा, ही भावना बळावते.

इथे बर्लिनचे ब्रांडेनबुर्ग गेट आठवावे. आज जर्मनीची ओळख असलेले हे दार मुळात शहराच्या जकातीच्या तटातील एक दार होते. १७९१ मध्ये ते बांधून झाले. तो तट एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला, गेट उरले. भिंतीच्या काळात ते सीमेच्या मोकळ्या पट्ट्यात अडकले होते. एकीकरणानंतर पुन्हा वाहने सुरू झाली, पण २००२ मधील दुरुस्तीनंतर ते वाहनांसाठी बंद करून फक्त पादचाऱ्यांना खुले ठेवले गेले.

चंद्रपुरात हे उद्याच करा म्हणणे सोपे आहे, पण पर्यायी रस्ता नसताना गेट बंद केले तर शहर थांबेल. बर्लिनकडे भुयारी रेल्वे आहे, समांतर रस्ते आहेत. तरीही दिशा तीच हवी: आधी परकोटाबाहेरून वळण रस्ते आणि वाहनतळ, मग ठरावीक वेळेपुरते गेट पादचाऱ्यांसाठी. रविवारच्या सकाळी दोन तासांपासूनही सुरुवात करता येते.

शंभर मीटरचा नियम काय आहे?

प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधकाम करता येते. मनाईच्या पट्ट्यात असलेल्या घराची दुरुस्ती करायची असली तरी मंजुरी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

एकट्या मंदिराला किंवा समाधीला हा नियम लावणे सोपे असते. इथे स्मारक म्हणजे अख्ख्या शहराला वेढणारी ११ किलोमीटरची रेषा आहे. तिच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर मोजले, तर हजारो लोकांची राहती घरे त्यात येतात. त्यातील अनेक कुटुंबे कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. छत गळते, मुलाचे लग्न ठरले, वर एक खोली हवी. प्रत्येक वेळी तट आड येतो. ज्याला तटामुळे फक्त नकार मिळतो, तो तट जपायला पुढे येईल कसा? परकोटाच्या रक्षणाचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बर्लिनकडे नाही. ते इथेच शोधावे लागेल. दुरुस्तीच्या परवानग्या लवकर आणि शहरातच मिळण्याची सोय, तटालगतच्या कुटुंबांना पर्यटनातून मिळकत आणि अतिक्रमण व जुनी वस्ती यांत स्पष्ट फरक, या तीन गोष्टींशिवाय कायदा कागदावर राहील आणि तट झुडपांत.

नागरिकांनी काय केले?

अनेक वर्षे तटावर झाडेझुडपे वाढली होती, बुरुजांवर कचरा टाकला जात होता. मार्च २०१७ पासून चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज सकाळी श्रमदान करून परकोट मोकळा करायला सुरुवात केली. सुमारे दोनशे दिवस चाललेल्या या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१७ मधील 'मन की बात'मध्ये केला. पुढे तटावरून हेरिटेज वॉकही सुरू झाले. आपल्याच शहराचा तट अनेक चंद्रपूरकरांनी त्या वेळी पहिल्यांदा वरून पाहिला.

श्रमदानाने भिंत दिसू लागते, टिकत नाही. पिंपळाचे एक रोप पावसाळ्यानंतर पुन्हा उगवते आणि त्याची मुळे दगड सैल करतात. दगड निसटले की पुढच्या पावसात भाग ढासळतो. त्यासाठी दरवर्षीची तरतूद, कुशल गवंडी आणि पुरातत्त्व खाते, महापालिका व नागरिक यांची कायमची सांगड लागते. बर्लिनच्या स्मारकामागेही सरकारी निधी आणि पूर्णवेळ माणसे आहेत. तिथे उत्साहाने सुरुवात झाली आणि व्यवस्थेने ती टिकवली.

गडचिरोलीचा याच्याशी संबंध काय?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. सिरोंच्याच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी सुमारे दोनशे किलोमीटर दूर चंद्रपूर गाठावे लागे, त्यामुळे ही विभागणी गरजेचीच होती. तिच्यामुळे एका राज्याचा वारसा मात्र दोन जिल्ह्यांच्या फायलींत वाटला गेला. राजधानी चंद्रपुरात राहिली. हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेला आणि 'ऐन-ए-अकबरी'त नोंदलेला वैरागडचा प्रदेश गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात गेला. वैनगंगेच्या काठावरची मार्कंड्याची शिल्पसमृद्ध मंदिरे चामोर्शी तालुक्यात गेली आणि शेडमाकेंचा मुलूख अहेरीकडे. चंद्रपूर, बल्लारपूर, मार्कंडा आणि वैरागड असा दोन-तीन दिवसांचा एकच प्रवास सहज आखता येतो, पण दोन जिल्ह्यांनी मिळून तो आखावा लागेल.

आणखी एक विभागणी नकाशावर दिसत नाही. ज्यांच्या राजांनी हे शहर वसवले, तो गोंड समाज आज मुख्यतः परकोटाबाहेर आहे. राजुरा-जिवतीच्या डोंगरांत, अहेरी-एटापल्लीच्या जंगलांत. तिथला विद्यार्थी चंद्रपुरात शिकायला येतो, जटपुरा गेटखालून रोज जातो आणि तो सिंह आपला आहे हे त्याला कुणी सांगत नाही. गेटवर गोंडी आणि मराठीत एक नीट फलक, कारागृहाजवळ १८५८ ची पूर्ण हकिगत, समाध्यांजवळ हिराईची गोष्ट सांगणारा तिथलाच तरुण मार्गदर्शक, एवढ्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

मग आता काय करता येईल?

बर्लिनची नक्कल चंद्रपूरला शोभणार नाही. ती भिंत जखम होती, ही छाया आहे. तरी तीन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत. पहिली, भिंत जिथे ढासळली किंवा नाहीशी झाली, तिथे तिची रेषा जमिनीवर दाखवणे, म्हणजे ११ किलोमीटरची फेरी अखंड होईल. दुसरी, दगडांआधी माणसांची गोष्ट सांगणे. तिसरी, ज्यांचा वारसा आहे आणि जे त्याच्या सावलीत राहतात, त्यांना निर्णयात बसवणे.

बर्लिनकडे दाखवायला भिंत उरली नव्हती, म्हणून तिला दगडांच्या ओळी आखाव्या लागल्या. चंद्रपूरकडे भिंत, दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. येत्या मंगळवारी ताडोबा बंद असेल, तेव्हा तिथे अडकलेल्या पर्यटकाला निदान जटपुरा गेटवरचा सिंह दाखवायला काहीच हरकत नाही.